बगळ्यांच्या झाडाखालचं जाळं : एका पावसाळ्याच्या प्रकल्प नोंदी

२५ मे

बाजारतळाच्या कडेला दोन मोठे रेन ट्री आणि एक जुनी चिंच आहे. उजनी धरणाचा फुगवटा इथून फार लांब नाही, त्यामुळे दर पावसाळ्यात या तीन झाडांवर बगळ्यांची वस्ती भरते. पुस्तकात तिला सारंगागार म्हणतात. गावात नुसतं "बगळ्यांची झाडं".

मागच्या जुलैत एका सकाळी कॉलेजला येताना झाडाखालच्या रस्त्यावर पिल्लं पडलेली दिसली. बरीचशी चाकाखाली गेलेली. एक जिवंत होतं, भिंतीला टेकून बसलं होतं. ते उचलून मी कडेच्या ओट्यावर ठेवलं आणि तासाला गेले. वर्गात वर्षानुवर्षं मी एकच सांगत आले होते, पिल्लू पडलं तर लांब राहा, आई येते. दुपारी परतले तेव्हा ते ओट्यावरच होतं, मान टाकून. आई आली नव्हती.

नंतर वाचलं, जाणकारांना विचारलं, तेव्हा समजलं की बगळे जमिनीवर पडलेल्या पिल्लाला भरवायला सहसा खाली उतरत नाहीत. पिल्लू घरट्यात किंवा घरट्याजवळच्या फांदीवर असेल तरच त्याला घास मिळतो. मी सांगत होते तो नियम बुलबुलाचा, दयाळाचा होता. बगळ्याच्या पिल्लाला तो लागू नव्हता. त्या पिल्लाला मी दिवसभर उपाशी वाट पाहायला बसवलं होतं.

यंदा अकरावी-बारावीच्या मुलांचा पर्यावरण प्रकल्प हाच घ्यायचा, झाडाखाली जाळं बांधायचं. कल्पना आमची नाही. आसाममध्ये हरगिला नावाच्या मोठ्या करकोच्यासाठी पूर्णिमा देवी बर्मन यांनी कामरूपमधल्या दादरा, पचरिया या गावांतल्या बायकांना एकत्र आणलं. तिथं घरट्यांच्या झाडांखाली जाळी बांधतात आणि त्यात पडलेली पिल्लं वाचवतात. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या कोक्करे बेळ्ळूरला गावातल्याच झाडांवर चित्रबलाक आणि पेलिकन घरटी करतात, आणि पडलेल्या पिल्लांना मासे घालून वाढवायचं काम गावच्या तरुणांनी केलं आहे. दोन्हीकडचे पक्षी मोठे आणि दुर्मीळ. आमचे बगळे रोजचे, कुठल्याही गाईच्या मागे दिसणारे. ते दुर्मीळ नाहीत म्हणून जाळं बांधायचं नाही, हे मला पटत नाही.

४ जून

पक्षी आले. गायबगळ्यांची डोकी, मान आणि पाठ हळद लावल्यासारखी झाली आहे. एरवी पांढरे असणारे हे पक्षी विणीच्या दिवसांत असे रंगतात. ढोकरी बगळ्याची पाठ गर्द तपकिरी. रातबगळे दिवसभर आत गर्दीत मान आखडून बसतात आणि संध्याकाळी 'क्वॉक' करत धरणाकडे निघतात. चिंचेच्या शेंड्यावर पाणकावळ्यांची सात-आठ घरटी आहेत.

मुलांनी तीन बाजूंनी उभं राहून घरटी मोजली. एका गटाला १०४ दिसली, दुसऱ्याला ८९, तिसऱ्याला ११८. पानांमुळे एकाच जागेवरून सगळी दिसत नाहीत. आकडा "सुमारे शंभर" असा लिहिला आणि पुढं गेलो.

११ जून

जाळ्यासाठी आधी मासेमारीचं नायलॉनचं जुनं जाळं मिळालं होतं. फुकट मिळालं म्हणून मुलं खूश होती. एका मुलाचे वडील मासेमारी करतात, त्यांनीच नको म्हणून सांगितलं. "त्या तंगुसात पाखराचा पाय अडकला की पाखरू ओढतं, आणि ओढलं की तंगूस आत रुततो." त्यांच्या हाताला येणारी मासळी रोज तशीच मरते, त्यांना माहीत असणारच. जाळं परत केलं.

मग शेडनेट. ढोबळी मिरचीचं शेडनेट करणाऱ्या एका शेतकऱ्याने जुनी, पण न फाटलेली हिरवी जाळी दिली. वीण बारीक, पाय आत जात नाही, पाणी खाली निघून जातं. वेळू आणि सुतळी विकत घेतली, तेवढाच खर्च. उंची आठ फूट ठेवली, म्हणजे खालून भाजीवाल्यांना डोक्यावर टोपली घेऊन जाता येईल. रस्त्यावर ट्रक येतात, त्यामुळे रस्त्याच्या बाजूला जाळी बांधता आली नाही. ती उणीव राहिली.

झाडाखाली बसणाऱ्या भाजीवाल्या मावशींना जाळीचा वेगळाच फायदा दिसला. त्यांच्या मेथी-कोथिंबिरीवर शीट पडणं कमी होणार. त्यांनी स्वतःच दोन कोपरे धरले आणि बांधून दिले.

१९ जून

तालुक्याच्या वनरक्षक ताई येऊन गेल्या. आम्ही आधीच अर्ज दिला होता, कारण वन्य पक्षी घरात किंवा कॉलेजात ठेवणं हा गुन्हा आहे, मग हेतू कितीही चांगला असो. ठरलं ते असं : जखमी किंवा पडलेलं पिल्लू सापडलं की त्याच दिवशी त्यांना कळवायचं, नोंद करायची आणि त्यांच्या सांगण्यानुसारच ठेवायचं. रात्री-बेरात्री वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर सांगायचं.

ताईंनी मुलांना आणखी एक गोष्ट सांगितली, ती मलाही नीट माहीत नव्हती. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या अर्थातच पक्ष्याची अंडी फोडणं आणि अंडी किंवा घरटं विस्कटणं धरलेलं आहे. म्हणजे घरट्याची फांदी तोडणाराही कायद्याच्या भाषेत शिकारी ठरू शकतो. एका मुलाने ते वाक्य वहीत दोनदा लिहून घेतलं. पुढं त्याचा उपयोग झाला.

३ जुलै

जाळीवर आणि जमिनीवर फिकट निळी टरफलं पडली आहेत. मुलांना आधी वाटलं, अंडी पडून फुटली. नीट पाहिल्यावर फरक कळला. पडून फुटलेल्या अंड्याला बलक चिकटलेला असतो, मुंग्या लागतात. ही टरफलं मधोमध कापल्यासारखी, आतून कोरडी. पिल्लू बाहेर आल्यावर घरट्याबाहेर गेलेली. गायबगळा अंदाजे २३-२४ दिवस अंडी उबवतो, त्यामुळे मागे मोजलं की पहिली अंडी जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली. पंचांगात तारीख लिहावी तशी आम्ही भिंतीवरच्या तक्त्यात लिहिली.

८ जुलै

जाळीत पहिलं पिल्लू. मेलेलं. अंगावर विरळ पांढरी लव, डोळे अर्धवट उघडे, वजन शाळेच्या काट्यावर ६० ग्रॅमच्या आत. डोक्याच्या मागे टोचल्याच्या खुणा होत्या.

हे कुत्र्या-मांजराचं काम नव्हतं. बगळी पहिलं अंडं घातलं की लगेच उबवायला बसते, शेवटचं घालून व्हायची वाट पाहत नाही. त्यामुळे पिल्लंही एक-दोन दिवसांच्या अंतराने निघतात. थोरलं आठवड्याचं होतं तेव्हा धाकटं अजून मान सावरत असतं. घास कमी आला की थोरलं धाकट्याला टोचतं, ढकलतं, आणि आई-बाप मध्ये पडत नाहीत. पाऊस-पाणी बरं असेल त्या वर्षी धाकटंही तरतं. नसेल तेव्हा निदान थोरली दोन तरी जगतात.

एका मुलीने विचारलं, "मग मॅडम, हे वाचवायचं तरी का? त्यांच्यातच ठरलंय ना?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. तिचा प्रश्न आजच्या पानावर तसाच लिहून ठेवते.

१२ जुलै

आज बगळा नाही, बुलबुल.

अकरावीतला एक मुलगा खोक्यात लालबुड्या बुलबुलाचं पिल्लू घेऊन आला. घरामागच्या जास्वंदीखाली काल संध्याकाळी सापडलं म्हणाला. रात्रभर कापसाने दूध पाजलं होतं. पिल्लाच्या छातीवरची पिसं दुधाने चिकटलेली, श्वास घेताना बारीक खरखर.

मी पिल्लू पाहिलं. अंगभर पिसं आलेली. शेपूट मात्र बोटाच्या पेराएवढी. चोचीच्या कडेला पिवळी किनार. बोट पुढं केलं तर घट्ट पकडून बसलं. म्हणजे हे पिल्लू पडलेलं नव्हतंच, घरट्यातून निघालेलं होतं. बुलबुलाची पिल्लं बारा दिवसांच्या आसपास घरटं सोडतात आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नाही. पुढचे काही दिवस ती झुडपात, जमिनीवर, कुंपणाखाली असतात. आई-बाप आवाजावरून शोधून भरवत राहतात. तेवढ्यात आपण "बिचारं" म्हणून उचलतो आणि आई-बाप रिकाम्या जास्वंदीभोवती अळी चोचीत धरून फिरत राहतात.

मुलगा रडवेला झाला होता. त्याला ओरडण्यात अर्थ नव्हता. आजीने सांगितलं होतं ते त्याने केलं. त्याच्या घरी आम्ही तिघं गेलो. जास्वंदीपासून दहा पावलांवर आलो तोच दोन्ही बुलबुल ओरडत तारेवर आले. पिल्लू जास्वंदीच्या आतल्या, दाट फांदीवर ठेवलं, मांजराला घरात कोंडलं आणि ओसरीवर जाऊन बसलो. बावीस मिनिटं काही झालं नाही. मग मादी की नर, सांगता येत नाही, दोघं सारखेच दिसतात, पण एक जण हिरवी अळी घेऊन उतरला आणि फांदी हलली.

मुलाच्या आजी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "माणसाचा हात लागला की पाखरू पिल्लू टाकतं, असं आमच्या आईनं सांगितलं होतं बाई." मी म्हटलं, आजी, हात लागल्याने टाकत नाही. आपण जवळ उभं राहिलो की मात्र येत नाही. ते त्यांना पटलं, कारण आत्ताच त्यांच्या समोर तसं घडलं होतं.

दुधाबद्दल मुलांना तक्त्यावर चित्र काढून दाखवलं. पक्ष्याच्या जिभेच्या मुळाशीच श्वासनलिकेचं तोंड उघडं असतं. वरून थेंब सोडला की तो सरळ फुप्फुसात जाऊ शकतो. पाणीसुद्धा. शिवाय दूध ही सस्तन प्राण्यांची गोष्ट, पक्ष्याला ते पचत नाही. पिल्लाला लागणारं पाणी अळीतून, फळातून, माशातून मिळतं.

मुलांनी स्वतःहून एक कागद तयार केला आणि चहाच्या टपरीवर लावला. त्यावर आधी तीन प्रश्न लिहिले होते. पिसं आहेत का? फांदी पकडतं का? आई-बाप आसपास ओरडतायत का? मी चौथा घालायला लावला, आणि तो सगळ्यात वर : पक्षी कोणता? उघडं, पिसं नसलेलं बुलबुलाचं पिल्लू असेल तर त्याला परत घरट्यात ठेवायचं, घरटं मोडलं असेल तर छोटी टोपली त्याच झाडाला बांधायची. पिसं आलेलं असेल तर झुडपात ठेवून लांब व्हायचं. आणि बगळा असेल तर वाट पाहत बसायचं नाही.

१९ जुलै

रात्री साडेअकराला चहावाले मामांचा फोन आला. "मॅडम, झाड उतरतंय."

वारा आडवा होता. बॅटरीच्या उजेडात पाहिलं तर रेन ट्रीची पानं मिटलेली. या झाडाचा हा स्वभावच आहे, रात्री आणि ढगाळ पावसात पानं मिटतात. दिवसा भरगच्च सावली देणारं झाड पावसात घरट्यांना उघडं पाडतं. एक मोठी फांदी मोडून जाळीवर आली होती आणि तिच्यासोबत पाच-सहा घरटी. जाळीचा एक वेळू वाकला, पण सुतळी टिकली.

मुलांना रात्री बोलावणार नव्हते. चारजण आलेच, पालकांना घेऊन. विजा चमकत होत्या म्हणून झाडाखाली जायचं नाही, हे मी कडक शब्दांत सांगितलं. तासभर टपरीच्या पत्र्याखाली उभे राहिलो. पिल्लांचा कटकट-कटकट आवाज येत होता आणि आम्ही हलू शकत नव्हतो. तो तास मला फार जड गेला. मुलांनाही. पण फांदी मोडणाऱ्या झाडाखाली मी कुणाचं लेकरू पाठवणार नव्हते.

पाऊस कमी झाल्यावर आत गेलो.

जाळीत १९ पिल्लं. १६ जिवंत.
जाळीबाहेर, रस्त्याच्या बाजूला, १२. जिवंत ५.

जिथं जाळी बांधता आली नव्हती तिथलेच बहुतेक गेले. इथं मला आणखी काही लिहायचं नाही.

२० जुलै

रात्रभर जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत. वीज नव्हती, त्यामुळे बल्बची ऊब नाही. बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून खोक्यांच्या कडेला ठेवलं. थंड पडलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची, घास नंतर. गार अंगात अन्न पचत नाही, पोटात तसंच राहतं. हे पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं आणि सकाळी सहाला स्वतः आले.

हाताळताना पिल्लांनी ओकून टाकलं. घाबरलेला बगळा पोट रिकामं करतो. मुलं आधी मागे सरकली, मग एका मुलीने चिमट्याने ते वेगळं करायला घेतलं. गायबगळ्यांच्या ओकारीत नाकतोडे, रातकिडे, एक बेडकी. रातबगळ्यांच्या ओकारीत मासे. काय भरवायचं, हे पिल्लांनीच असं सांगितलं.

डॉक्टरांनी दुसरा इशारा दिला, तो डोळ्यांचा. बगळ्याचं पिल्लू लहान दिसलं तरी मान बाणासारखी सुटते आणि नेम चमकणाऱ्या गोष्टीवर असतो. सगळ्यांनी प्रयोगशाळेचे चष्मे घातले. हातमोजे, तोंडाला फडकं, काम झालं की साबणाने हात. आजारी पक्ष्याच्या विष्ठेतून बर्ड फ्लूसारखे रोग येऊ शकतात, त्यामुळे यात कुणालाही सूट नाही.

२१ पैकी ९ पिल्लं धडधाकट होती. त्यांना परत वर पाठवायचं ठरलं. दरवर्षी गावात चिंचा झोडायला येणारे एक काका आहेत, साठीच्या घरातले. ते कमरेला टोपली बांधून चढले. प्रश्न असा की माणूस वर गेला की शेजारच्या घरट्यांतली पिल्लं घाबरून उड्या टाकतात, एकाला वाचवायला जावं आणि तीन पाडावीत. म्हणून काका मध्ये गेलेच नाहीत. कडेच्या, खालच्या फांद्यांवरच्या घरट्यांत, ज्यांत त्याच वयाची एक-दोनच पिल्लं दिसत होती, तिथं वाटून ठेवली. अकरा मिनिटांत खाली आले.

कोणतं पिल्लू कोणत्या घरट्यातलं, हे आम्हाला माहीत नव्हतं. हे चुकूही शकतं, हे मुलांना आधीच सांगितलं होतं. संध्याकाळपर्यंत दुर्बिणीतून पाहिलं. नऊपैकी सहांना मोठ्या पक्ष्याकडून घास मिळताना पाहिलं. बाकी तीन दिसली नाहीत.

प्रयोगशाळेत राहिली १२. आठ गायबगळे, चार रातबगळे.

२४ जुलै

दिवस घासांवर चालला आहे. सकाळी सहा ते संध्याकाळी सात, दर अडीच तासांनी. मासळी बाजारातल्या मावशी रोज बोटाएवढी चिलापी देतात, पैसे घेत नाहीत. चिलापीच्या पाठीवरचे काटे कात्रीने कापावे लागतात, नाहीतर घशात रुततात. पण मासा काट्या-हाडांसकट द्यायचा. नुसत्या मांसावर वाढवलेल्या पिल्लाची हाडं कॅल्शियमअभावी मऊ होऊन वाकतात. मुलं सकाळी माळावरून नाकतोडे पकडून आणतात.

एक चूक झाली. पहिल्या दोन दिवशी खोक्यात वर्तमानपत्र अंथरलं होतं. गुळगुळीत कागदावर पिल्लांचे पाय बाजूला फाकायला लागले. डॉक्टरांनी पाहिल्याबरोबर कागद काढायला लावला. आता गोणपाट आणि त्यावर काटक्यांची गादी, घरट्यासारखी. दोघांचे पाय सुधारले. एकाचे नाहीत.

आजपर्यंत तीन मेली. दोघांना आतून मार होता. तिसऱ्याचं कारण कळलं नाही.

नावं ठेवायची नाहीत, हा नियम केला होता. पिल्लू माणसाला सोकावलं की पुढं माणसाजवळ जातं, आणि प्रत्येक माणूस या मुलांसारखा नसतो. तरीही चार नंबरच्या रातबगळ्याला मुलं काहीतरी म्हणतात, हे मला माहीत आहे. मी विचारलेलं नाही.

२९ जुलै

सकाळी झाडाखाली गाडी उभी होती, करवत आणि दोर घेऊन माणसं. वासाच्या, घाणीच्या तक्रारी आल्या म्हणून फांद्या छाटायचा आदेश. कुणी दिला, ते इथं लिहीत नाही.

मी वर्गात होते. निरोप आला तोवर वहीत दोनदा वाक्य लिहून घेणारा तो मुलगा करवतीसमोर उभा होता. भांडत नव्हता. वही उघडून कायद्यातलं वाक्य वाचून दाखवत होता. करवतवाले दादा रोजंदारीवरचे. ते म्हणाले, "पोरा, मला काय माहीत? मला फांदी तोडायला सांगितली." मग त्यांनी मान वर करून पाहिलं, बहुतेक पहिल्यांदाच, आणि करवत गाडीत ठेवली.

वनरक्षक ताई दीड तासाने आल्या. छाटणी विणीचा हंगाम संपल्यावर करायचं लेखी ठरलं.

पण तक्रार खोटी नव्हती. वास येतोच. पावसात कुजलेल्या माशांचा, शिटेचा वास भाजी विकणाऱ्या बाईला दिवसभर सहन करावा लागतो आणि आपण येता-जाता रुमाल लावून जातो. कोक्करे बेळ्ळूरचे शेतकरी झाडाखालची शीट गोळा करून शेतात खत म्हणून घालतात, हे मुलांना सांगितलं होतं. आजपासून जाळीखाली उसाचं पाचट पसरलं. आठवड्याने ते काढायचं, कॉलेजच्या मागच्या खड्ड्यात कुजवायचं, नवीन टाकायचं. आधी सुचायला हवं होतं.

५ ऑगस्ट

या प्रकल्पातली सगळ्यात चांगली गोष्ट आज कळली, आणि ती आम्ही केलेली नाही.

काल संध्याकाळी जाळीत एक पिसं आलेलं गायबगळ्याचं पिल्लू होतं. सकाळी उचलू म्हणून मामांनी फोन केला नाही. सकाळी जाळी रिकामी. मांजर, असं सगळ्यांना वाटलं. मामा म्हणाले, "नाही हो. ते वर गेलं. माझ्या डोळ्यांदेखत."

वाकलेला वेळू वादळानंतर आम्ही तसाच तिरका बांधून ठेवला होता, एक टोक जाळीला, दुसरं खोडाला. पिल्लू त्यावरून चढलं होतं. चोच आकड्यासारखी अडकवायची, मान आखडायची, पाय वर ओढायचे, पंखांनी तोल सांभाळायचा. बगळ्यांची पिल्लं तीन आठवड्यांची झाली की उडता येण्याआधीच फांद्यांवर अशी चढउतार करतात. आम्ही त्यांना टोपलीतून वर पोचवायच्या मागे होतो, आणि त्यांना फक्त एक शिडी हवी होती.

दुपारी सहा वेळू बांधले, खोडापर्यंत. घसरू नयेत म्हणून काथ्या गुंडाळला. रात्री मुलं आळीपाळीने टपरीवरून पाहणार.

१४ ऑगस्ट

नऊ दिवसांत जाळीत ११ पिल्लं पडली. सात वेळूवरून परत गेली, ती आम्ही पाहिली. दोन कावळ्यांनी नेली. दोन लहान होती, चढू शकली नाहीत, प्रयोगशाळेत आणली.

कावळ्यांबद्दल मुलं चिडून बोलतात. त्यांच्याही घरट्यात पिल्लं असतात, हे त्यांना सांगितलं. पण जाळी उघडी थाळी होऊ द्यायची नाही, म्हणून पहाटे साडेपाचला पहिली फेरी ठेवली. कावळे उजाडताच येतात.

८ जुलैच्या पानावरचा प्रश्न परत निघाला. तीच मुलगी म्हणाली, "मॅडम, भावाने ढकललेलं आणि वाऱ्याने पाडलेलं, दोन वेगळी. पण फांदी डांबरावर आहे, हे आपलं." तिने एवढंच म्हटलं. खाली माती, चिखल, गवत असतं तर तीस फुटांवरून पडलेलं इतकं हलकं पिल्लू बऱ्याचदा वाचलं असतं, चालत खोडाशी गेलं असतं. तिच्या वाक्याखाली मी रेघ मारली.

२२ ऑगस्ट

प्रयोगशाळेतली पिल्लं सोडली. पहिल्या बारापैकी पाच मेली, सात जगली. नंतरच्या दोघांपैकी एक अजून लहान आहे.

डॉक्टरांनी पंख तपासले, वनरक्षक ताईंनी नोंद केली. गेला आठवडाभर त्यांना मोठ्या जाळीच्या खोलीत, टबात जिवंत मासे सोडून ठेवलं होतं. स्वतः पकडून खातात हे तीन दिवस पाहिलं, मगच परवानगी मिळाली.

चार गायबगळे कॅनॉलच्या कडेला सोडले, जिथं म्हशी चरत होत्या आणि तीसेक बगळे त्यांच्या मागे होते. दोन लगेच थव्याकडे चालत गेले. एक झाडावर बसला. एक आमच्याकडेच परत यायला लागला, तेव्हा सगळ्या मुलांनी पाठ फिरवून चालायला सुरुवात केली, मी सांगितलं नव्हतं. शंभर पावलांवर वळून पाहिलं तर तो म्हशीच्या पायांशी उभा होता.

रातबगळे तीन, संध्याकाळी, धरणाच्या काठच्या बाभळींत. अंधार पडेपर्यंत बसले आणि मग एकामागोमाग एक पाण्याकडे गेले. चार नंबरचा शेवटी गेला.

११ सप्टेंबर

झाडं जवळजवळ रिकामी. चिंचेवर पाणकावळ्याची दोन उशिराची घरटी आहेत, त्यामुळे तिथली जाळी ठेवली. बाकी उतरवली.

जाळी कॅनॉलवर न धुता कॉलेजच्या टाकीवर धुतली, कारण कॅनॉलचं पाणी खाली लोक वापरतात. तीन ठिकाणी फाटली आहे, शिवता येईल. पाचटाचा खड्डा भरला. भाजीवाल्या मावशींपैकी दोघींनी दिवाळीनंतर त्यांच्या वाफ्यांसाठी ते खत मागितलं आहे.

पुढच्या वर्षीसाठी : वेळू पहिल्या दिवसापासून तिरके बांधायचे, वादळाची वाट पाहायची नाही. रस्त्याच्या बाजूसाठी ट्रकच्या उंचीवरून, म्हणजे सोळा-सतरा फुटांवर जाळी ताणता येईल का, ते वायरमन दादांना विचारायचं. जुलैपुरता तिथं वाहनं उभी करणं बंद करता आलं तर आणखी बरं. अर्ज मेमध्ये नाही, मार्चमध्ये द्यायचा.

टपरीवरचा कागद पावसाने गळून पडला होता. मामांनी तो वाळवून पाठीमागच्या पत्र्याला आतून चिकटवला आहे. आज चहा प्यायला गेले तेव्हा एक अनोळखी बाई त्यांना विचारत होत्या, अंगणात पिल्लू पडलंय, काय करू. मामांनी चहा गाळता गाळता विचारलं, "कुठलं पाखरू आहे, ते आधी सांगा."